तोटी कोणाच्या हाताशीं असावी?

घरांत नवें यंत्र आलें म्हणजे त्याचें कौतुक होतें. त्यावर कुंकवाचें स्वस्तिक निघतें, पुढें नारळ फुटतो, आणि आल्यागेल्यास त्याचें दार उघडून आंतले कप्पे दाखविले जातात. परंतु तें यंत्र ज्या नळीच्या योगानें पाण्याशीं बांधलें जातें, त्या नळीकडे कोणी ढुंकूनहि पाहात नाहीं. ती यंत्राच्या पाठीमागें, भिंतीलगतच्या अंधारांत कायमची पडून असते. आणि तिची पहिली आठवण बहुधा खालच्या मजल्यावरील गृहस्थ ओल्या छताची तक्रार घेऊन दारांत उभे राहातात तेव्हां होते. गेल्या वैशाखांत आमच्या घरचें भांडीं घासण्याचें यंत्र बदलण्याचा प्रसंग आला. त्या निमित्तानें या उपेक्षित नळीशीं आमचा जो चार दिवस निकटचा परिचय घडला, तो वाचकांपुढें ठेवावा असें वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

आमचें कुटुंब अकरा माणसांचें. पुण्यांत, तळमजल्यासह पांच मजल्यांच्या एका इमारतींत, सर्वांत वरच्या मजल्यावरील शेजारशेजारचीं दोन बिऱ्हाडें मध्यें दार पाडून एक केलेलीं आहेत, व स्वयंपाकघर एकच आहे. अकरा माणसांच्या दोन वेळच्या जेवणाचीं, चहाफराळाचीं आणि मुलांच्या डब्यांचीं मिळून भांडीं किती होतात, हें ज्यांच्या घरीं अकरा माणसें आहेत त्यांना सांगावयास नको, आणि ज्यांच्या घरीं तीन आहेत त्यांना सांगून पटावयाचें नाहीं. २०२० सालीं मार्चअखेर टाळेबंदी झाली, कामास येणाऱ्या बाईंना घरून निघणें अशक्य झालें, आणि त्या वर्षीं इतर अनेक घरांप्रमाणें आमच्याहि घरांत हें यंत्र प्रथम आलें.

आमच्या थोरल्या काकूंचा त्यास आक्षेप होता, व तो केवळ जुन्या वळणाचा म्हणून झिडकारण्यासारखा नव्हता. त्या म्हणाल्या, "एकाच पाण्यांत सगळ्यांचीं ताटें बुचकळावयाचीं, म्हणजे खरकटें धुतलें कीं वाटून घेतलें?" या प्रश्नाला उत्तर दिल्यावांचून त्या घरांत कोणतेंहि यंत्र चालणें शक्य नव्हतें. उत्तर असें कीं, यंत्र पाणी एकदांच घेत नाहीं. तें थोडें पाणी घेतें, त्यानें खरकटें विसळून तें सांडून देतें. पुन्हां नवें घेतें, तापवितें, साबणाच्या भुकटीनें धुतें व तेंहि सांडतें. आणि शेवटीं पुन्हां स्वच्छ पाण्यानें भांडीं एकदोनदां खंगाळतें. या सर्व खटाटोपास दहाबारा लिटर पाणी लागतें. आमच्या मोरींत धावत्या नळाखालीं तेवढें पाणी दोन पातेल्यांतच संपत असे. काकूंनीं हें ऐकून घेतलें व पहिले आठ दिवस सांडपाण्याच्या नळीपाशीं पाट मांडून बसून, यंत्र खरोखरच किती वेळां पाणी सांडतें तें बोटांवर मोजलें. हिशेब जुळला, तेव्हां त्यांनीं यंत्राला स्वयंपाकघरांत राहूं दिलें.

हें यंत्र एखाद्या पुरुषाच्या आळसांतून निघालें असावें असा त्यांचा तर्क होता. तो मात्र इतिहासाला धरून नाहीं. अमेरिकेंतील इलिनॉय प्रांतांत शेल्बीव्हिल येथें राहणाऱ्या जोसेफिन कॉक्रेन या बाईंनीं २८ डिसेंबर १८८६ रोजीं त्याचें पेटंट मिळविलें. घरच्या उंची चिनी मातीच्या बशांचे टवके नोकरांच्या हातून उडतात हें त्यांचें दुःख होतें. पुढें पतीच्या निधनानंतर डोक्यावर कर्ज राहिलें, तेव्हां दुःखाचा उद्योग झाला. तारेच्या कप्प्यांत भांडीं नीट बसवावीं आणि त्यांवर पाण्याचा मारा करावा, ही त्यांची युक्ति. शिकागो येथील १८९३ च्या जागतिक प्रदर्शनांत त्यांचें यंत्र गाजलें. आजहि तत्त्व तेंच आहे. काकूंच्या पितळी गडव्यांना, लोखंडी तव्याला, कल्हईच्या पातेल्यांना व पोळपाट-लाटण्याला हा मारा सोसत नाहीं. म्हणून तीं अजून बाईच घासतात. यंत्र आलें म्हणून बाईंचा पगार एका रुपयानेंहि कमी व्हावयाचा नाहीं, असें काकूंनीं यंत्राच्या गुणदोषांची चर्चा सुरू होण्यापूर्वींच सांगून टाकलें होतें.

असो. पांच वर्षें राबून तें यंत्र थकलें. पाणी तापविणारा भाग गेला, तळाला गंज चढला, आणि दुरुस्तीच्या खर्चांत नव्याची अर्धी किंमत निघेल असें कळल्यावर नवें आणावयाचें ठरलें. आणि येथेंच नळीचा प्रश्न उपस्थित झाला.

आमचे दादा सेवानिवृत्त हिशेबनीस. नव्या यंत्राबरोबर खोक्यांत नवी नळी आलेली पाहून ते म्हणाले, "जुनी नळी धडधाकट आहे. तीच नव्या यंत्राला लावूं. नवी जपून ठेवूं. पुढेंमागें उपयोगीं पडेल." ज्या घरांत दिवाळीच्या मिठाईचे डबे तीन पिढ्या फडताळांत नांदतात, त्या घरांत हें बोलणें अगदीं स्वाभाविक होतें. परंतु यंत्राच्या पुस्तिकेंत याविषयीं एक स्पष्ट वाक्य छापलेलें होतें: जोडणी नव्या नळीनेंच करावी, जुनी पुन्हां वापरूं नये. असें वाक्य बहुतेक सर्व पुस्तिकांत असतें आणि बहुतेक सर्व घरांत तें न वाचतां पुस्तिका खणांत जाते.

नळीच्या बाबतींत आपली समजूत अशी असते कीं, यंत्र चालू असेल तेवढाच वेळ तिला काम. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. पाणी घेणारी व थांबविणारी झडप आमच्यासारख्या साध्या यंत्रांत यंत्राच्या बाजूला असते. त्यामुळें भिंतीवरची तोटी उघडी आहे तोंवर नळींत पाणी कोंडलेलें असतें, आणि गच्चीवरील टाकीचा भार अहोरात्र तिच्या अंगावर पडतो. यंत्र दिवसांतून दोनदां काम करतें. नळी चोवीस तास करते. तिचें आंतलें अस्तर वर्षानुवर्षें ताणलेलें राहून चिवटपणा गमावतें, व बाहेरून तें कांहींच दिसत नाहीं. शिवाय तिच्या दोन्हीं टोंकांशीं रबराचे जे वायसर असतात, त्या रबरालाहि एक प्रकारची स्मरणशक्ति असते. ज्या कांठावर तें पांच वर्षें दाबलें गेलें त्याचा ठसा तें सोडीत नाहीं. आणि दुसऱ्या कांठावर बसविलें कीं जुन्या ठशाच्या खळगींतून पाणी वाट काढतें. दादांना हें पटलें तें मुख्यतः नवी नळी फुकट आलेली होती म्हणून. जुनी फेंकून मात्र दिली नाहीं. ती गच्चींतल्या तुळशीला आणि कढीपत्त्याला पाणी घालण्याच्या सेवेंत रुजू झाली आहे, व तेथें ती फुटली तरी कोणाचें कांहीं बिघडणार नाहीं.

आतां आट्यांविषयीं थोडें. ओट्याखालच्या नळाची जोडणी अर्ध्या इंचाची व यंत्राच्या नळीची पाऊण इंचाची, त्यामुळें मध्यें एक पाऊण इंची तोंडाची तोटी घ्यावी लागते. हें पाऊण इंच एक कोडेंच आहे. आमच्या पुतण्यानें आपलें मोजण्याचें उपकरण लावून पाहिलें, तर या आट्यांचा बाहेरचा व्यास २६.४ मिलिमीटर, म्हणजे सबंध इंचाहूनहि अधिक भरला. दुकानदारानें फसविलें असें त्यास क्षणभर वाटलें. खरी गोष्ट अशी कीं, हें माप मूळचें लोखंडी नळाच्या आंतल्या पोकळीचें. बाहेरच्या आट्यांना पोकळीचें नांव चिकटलें तें चिकटलें. इंग्लंडांत जोसेफ व्हिटवर्थ यांनीं १८४१ सालीं आट्यांचें एक प्रमाण सुचविलें; त्याच वंशांतले हे आटे इंग्रजांबरोबर आपल्याकडे आले व इंग्रज गेल्यावरहि राहिले. अमेरिकेंतल्या बागेच्या व यंत्रांच्या नळ्यांचे आटे निराळे आहेत, आणि रीतहि निराळी. तेथें असलेल्या आमच्या भाच्यानें दूरध्वनीवरून मोठ्या अधिकारानें सल्ला दिला, "मामा, गरम पाण्याची लाईन जोडा." त्याच्याकडे यंत्राला गरम पाणीच जोडतात. आमची पुस्तिका थंड पाणी सांगत होती, कारण हें यंत्र आपलें पाणी आपणच तापवितें. भाच्याचा सल्ला आम्हीं प्रेमानें ऐकला आणि पुस्तिकेचा मानला.

जोडणी करावयास आमच्या नेहमींचे प्लंबर आले होते. वयानें साठीच्या घरांतले, बोलणें मोजकें. कंपनीकडून आलेला तरुण नळीच्या तोंडाच्या आट्यांवर पांढरी टेफ्लॉनची फीत गुंडाळूं लागला, तेव्हां त्यांनीं ती त्याच्या हातांतून हळूच काढून घेतली व म्हणाले, "फीत भिंतीकडे, वायसर नळीकडे." या चार शब्दांत सगळी विद्या आहे. भिंतीच्या नळांत तोटी बसते तेथें पाणी आट्यांच्या फटींतून अडवावयाचें असतें. तेथें फीत हवी, किंवा पूर्वींचे कारागीर वापरीत ती सुतळी आणि सफेता. नळीच्या टोंकाशीं मात्र पाणी अडवितो तो रबराचा चपटा वायसर. आटे केवळ त्यास दाबून धरतात. तेथें फीत गुंडाळली तर ती शोभेपुरती राहते, उलट नट पूर्ण बसूं देत नाहीं. आणि नट पान्यानें जीव खाऊन आंवळला तर वायसर चिरडतो. हातानें घट्ट, मग पान्यानें पाव फेरा, एवढेंच. नळी लावण्यापूर्वीं त्यांनीं तोटी उघडून बादलीभर पाणी वाहूं दिलें. पहिल्या दोन तांब्यांत वाळूचे कण आणि गंजाचा चुरा आला. तो तसाच यंत्राकडे जाता तर नळीच्या तोंडाशीं असलेली बारीक जाळी पहिल्याच आठवड्यांत बुजती. उन्हाळ्यांत टँकरचें पाणी ज्या इमारतींत येतें त्यांनीं ही जाळी दोनतीन महिन्यांनीं काढून धुवावी.

वरच्या मजल्यावर राहणारांस आणखी एक विवंचना असते, ती पाण्याच्या दाबाची. टाकी आपल्या डोक्यावर आहे म्हणून आपणांस पाणी जोरांत येत असेल असें पाहुण्यांना वाटतें. वस्तुतः टाकी जितकी जवळ तितका दाब कमी. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो. दहा मीटर उंचीच्या पाण्याचा दाब सुमारें एक बार होतो. आमच्या नळापासून टाकींतील पाणी चारच मीटर उंच, म्हणजे दाब जेमतेम ०.४ बार, तळमजल्यावर तोच सुमारें चौपट. पुस्तिकेनें किमान ०.३ मागितला होता व मिनिटास दहा लिटर पाणी. बारा लिटरची बादली नळाखालीं लावून पुतण्यानें घड्याळ धरलें; सत्तर सेकंद लागले. उत्तीर्ण झालों, पण काठावर. ज्यांच्याकडे हें गणित जमत नाहीं, त्यांचें यंत्र पाण्याची वाट पाहून मध्येंच थांबतें, आणि बिचाऱ्या यंत्राला सदोष ठरवून परत पाठविलें जातें. पुण्यास हें गणित नवें नाहीं. अठराव्या शतकाच्या मध्यास नानासाहेब पेशव्यांच्या काळांत कात्रजच्या तलावांतून शहरापर्यंत नळ आणला, तो याच उंचसखलाच्या बळावर. वाड्यावाड्यांतले हौद कोणत्याहि पंपावांचून भरत असत.

काकूंच्या खरकट्याच्या प्रश्नाचा एक धागा मागें राहिला आहे. यंत्राच्या पोटांतलें घाण पाणी उलट चालून पिण्याच्या पाण्यांत शिरलें तर? ही शंका वेडगळ नाहीं. टाकी रिकामी होऊं लागली किंवा नळ खालीं कोठें उघडला गेला, तर नळांत पोकळी होऊन ती पाणी मागें ओढते. ज्या शिकागो शहरांत कॉक्रेनबाईंचें यंत्र गाजलें, त्याच शहरांत १९३३ सालीं दुसरें जागतिक प्रदर्शन भरलें असतां दोन हॉटेलांतल्या पिण्याच्या पाण्यांत सांडपाणी मिसळून आमांशाची सांथ उद्भवली आणि ९८ माणसें मृत्युमुखीं पडलीं. सदोष नळजोडण्या हें त्याचें कारण ठरलें. यावर उपाय अगदीं साधा आहे: स्वच्छ पाण्याच्या नळाचें तोंड घाण पाण्याला कधींच लागूं द्यावयाचें नाहीं, मध्यें मोकळी हवा ठेवावयाची. यंत्राच्या आंत पाणी वरून, उघड्या फटींतून खालीं पडतें, तें याचसाठीं. सांडपाण्याची नळीहि प्रथम ओट्याच्या उंचीपर्यंत वर चढवून मग खालीं सोडावी लागते, म्हणजे मोरींतलें पाणी तिच्यांतून यंत्रांत उतरत नाहीं. काकूंना हें सांगतांच त्या म्हणाल्या, "म्हणजे तांब्या ओठाला न लावतां वरून पाणी पितात तसें." इतकी समर्पक उपमा आम्हांस सुचली नसती.

पण वरून पाणी घालण्याच्या याच रीतीनें आपल्या समाजानें पिढ्यान् पिढ्या माणसांना ओंजळ पुढें करावयास लावली, हेंहि त्या वेळीं मनांत आल्यावांचून राहिलें नाहीं. २० मार्च १९२७ रोजीं महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आपल्या अनुयायांसह सत्याग्रह म्हणून पाणी प्यावें लागलें, तें त्या रीतीच्या विरुद्ध. नळांतलें अंतर हें पाण्यांतल्या घाणीसाठीं असतें. पिणाराच्या कुळाशीं पाण्याचा संबंध नाहीं. आमच्याकडे बाईंचा चहाचा कप यंत्रांत इतर कपांच्या रांगेंतच बसतो, आणि बाहेर निघाल्यावर कोणता कोणाचा हें यंत्रालाहि ठाऊक नसतें व आम्हांलाहि.

आतां ज्या गोष्टीसाठीं लेखणी हातीं घेतली तिच्याकडे वळतों. तोटी कोठें बसवावयाची?

कंपनीच्या तरुणाचें मत ठाम होतें. तोटी यंत्राच्या बरोबर मागें, भिंतींत. नळी आंखूड पुरते, कपाटाला भोंक पाडावें लागत नाहीं, आणि ओट्याची शोभा बिघडत नाहीं. सुतारानेंहि त्यास दुजोरा दिला. जुन्या यंत्राची तोटी तेथेंच होती. परंतु जुनें यंत्र काढतांना काय झालें तें सर्वांनीं पाहिलें होतें. तोटीपर्यंत पोंचण्यासाठीं यंत्र ओढून बाहेर काढावें लागे, आणि नळी ताणल्यावांचून तें पुरतें बाहेर येईना. अखेर दोघांनीं मिळून तें तिरपें केलें, एकानें हात आंत घातला, तर पांच वर्षांत एकदांहि न फिरविलेली तोटी क्षारांनीं गच्च बसलेली. गच्चीवरचा मुख्य नळ बंद करून, इमारतीच्या अर्ध्या भागाचें पाणी तासभर तोडून तें काम उरकावें लागलें.

शिवाय तिसऱ्या मजल्यावरील प्रकार ताजा होता. दोन वर्षांपूर्वीं तेथील कपडे धुण्याच्या यंत्राची नळी दुपारीं एकच्या सुमारास नटापासून निसटली. मुलगा-सून कामावर, घरांत आजोबा आणि नऊ वर्षांची नात. पाणी स्वयंपाकघरांतून दिवाणखान्यांत, तेथून जिन्यांत, आणि जिन्यांतून उद्वाहनाच्या खड्ड्यांत गेलें. आजोबा खुर्चीवर पाय वर घेऊन मुलाला दूरध्वनि करीत होते. नात टॉवेल टाकून पाणी अडवूं पाहात होती. गच्चीवरील नळ कोणीतरी शोधून बंद करीपर्यंत पाऊण तास गेला. उद्वाहन दोन दिवस बंद राहिलें, आणि त्या दोन दिवसांत आमच्या काकू घराबाहेर पडूं शकल्या नाहींत. त्या घरांत तोटी नव्हती असें नाहीं. उत्तम पितळी तोटी होती. ती जेथें होती तेथें पोंचेल असा हात मात्र दुपारीं एक वाजतां घरांत नव्हता.

म्हणून आम्हीं प्लंबरांना तोटीची जागा सांगण्यापूर्वीं घरांतल्या माणसांचें वेळापत्रक मांडलें. सकाळीं नऊनंतर सगळी मंडळी पांगते. बाई साडेबाराला जातात. तेथून मुलें शाळेंतून येईतों, म्हणजे चारपर्यंत, घरांत एकट्या काकू. वय एकोणऐंशी, बोटांचीं पेरें संधिवातानें सुजलेलीं, खालीं बसणें अशक्य, पण डाव्या हातानें ओटा धरला तर थोडें वांकतां येतें. तेव्हां तोटी बसवावयाची ती या हातासाठीं.

पुतण्यानें यावर शास्त्रीय हरकत घेतली. नव्या यंत्राच्या तळांत एक तरंगता गोळा आहे. तळांत पाणी सांचलें कीं यंत्र पाणी घेणें आपोआप थांबवितें. मग तोटीचा एवढा बाऊ कशाला? त्याचें म्हणणें यंत्रापुरतें खरें होतें. परंतु तो गोळा जाणतो तें यंत्राच्या तळांत पडलेलें पाणी. नळी यंत्राबाहेर फुटली तर फरशीवरचें पाणी त्याला कसें कळावें? आणि कळलें तरी त्याची झडप फुटलेल्या जागेच्या पुढें आहे, मागें नाहीं. कांहीं भारी यंत्रांच्या नळीला तोटीकडील टोंकाशींच स्वतंत्र झडपेची डबी असते. ती नळीचेंहि रक्षण करते, आणि परवडेल त्यानें अवश्य घ्यावी. पण तोटी व भिंत यांच्यामधला जोड सुटला तर तीहि कांहीं करूं शकत नाहीं. शेवटीं एक हात लागतोच.

प्लंबरांनीं दुकानांतून तीन तऱ्हेच्या तोट्या आणल्या व एकेक काकूंच्या पुढें धरली. गोल मुठीची पहिली काकूंच्यानें फिरेना. चिमटींत धरून पीळ देणें हेंच त्या बोटांना वर्ज्य. दुसरीला आंखूड दांडी होती. ती ओल्या हातांतून सटके. तिसरीची दांडी वीतभर नव्हे, पण चांगली चार बोटें लांब, आणि पाव फेऱ्यांत पूर्ण बंद होणारी. ती काकूंनीं बोटांनीं धरलीच नाहीं. मनगटाच्या बाहेरच्या बाजूनें ढकलली, आणि ती बंद झाली. "हीच," त्या म्हणाल्या. चाळीस वर्षांच्या धंद्यांत माणसाच्या हाताचें माप घेऊन तोटी बसविण्याचा प्रसंग आपणांवर प्रथमच आला, असें प्लंबर म्हणाले, आणि त्यांत तक्रारीचा सूर नव्हता.

जागेविषयीं मात्र त्यांनीं एक खरी अडचण दाखविली. सिंकखालच्या कपाटांत तोटी दाराजवळ, पुढें आणावयाची तर भिंतीपासून नळ लांबवावा लागणार, आणि जोड वाढला कीं गळतीची जागा वाढली. हें नाकारण्यांत अर्थ नव्हता. शेवटीं भिंतीजवळची तोटी मुख्य म्हणून राहूं दिली, तिच्यापासून कपाटाच्या उजव्या बाजूनें मध्यें जोड नसलेला एकच अखंड नळ पुढें आणला, आणि गुडघ्याच्या उंचीवर, दार उघडतांच समोर दिसेल अशी ही लांब दांडीची तोटी बसविली. जोड एक वाढला खरा. पण तो डोळ्यांपुढें आहे. डोळ्यांआडच्या एका जोडापेक्षां डोळ्यांपुढचे दोन आम्हांस परवडतात. पिण्याचें पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्राची नळीहि त्याच कपाटांतून जाते. तिची तोटी निराळी ठेवली, नाहीं तर भांड्यांचें पाणी तोडतांना पिण्याचें तुटावयाचें. दोहोंत गोंधळ नको म्हणून काकूंनीं यंत्राच्या तोटीला लाल दोरा बांधला. सुतारानें नाराजीनेंच कपाटाच्या बाजूस भोंक पाडलें. नळी त्यांतून सैल वळणानें नेली, आणि यंत्र मागें सरकवितांना ती चेपत तर नाहीं ना, हें विजेरी धरून पाहिलें.

मग परीक्षा झाली. काकू दिवाणखान्यांत आपल्या खुर्चीवर, पुतण्यानें घड्याळ लावून "नळी फुटली!" अशी आरोळी ठोकली. काकू उठल्या, काठी घेतली, स्वयंपाकघरांत आल्या, डाव्या हातानें ओटा धरला, दार उघडलें आणि मनगटानें दांडी ढकलली. अडतीस सेकंद. दुसऱ्या खेपेस त्यांनीं दिवे मालवावयास लावले व अंधारांत तेंच केलें. बाईंनींहि करून पाहिलें, मुलांनीं पैजा लावून केलें, आणि सर्वांत शेवटीं, कोणी पाहात नाहीं असें समजून, दादांनींहि एकदां केलें.

त्या रात्रीं प्लंबरांच्या सांगण्यावरून प्रत्येक जोडाखालीं वर्तमानपत्राचा कोरा कांठ फाडून ठेवला. पाण्याचा थेंब फरशीवर दिसत नाहीं, कागदावर लपत नाहीं. सकाळीं कागद कोरडे होते. काकूंनीं ते तरीहि काढूं दिले नाहींत. दर शनिवारीं त्या कागद बदलतात, आणि रात्रीं यंत्राचें काम संपलें कीं निजण्यापूर्वीं तोटी बंद करतात. रोजच्या उघडझाकीनें ती लवकर झिजेल असें दादांचें म्हणणें आहे. काकू त्यांना जुन्या, क्षारांनीं बसलेल्या तोटीची आठवण देतात.

तिसऱ्या मजल्यावरील आजोबा परवां उद्वाहनानें वर आले. कपाटाचें दार उघडून त्यांनीं तोटी पाहिली, दोनदां फिरविली, लाल दोऱ्याचें कारण विचारलें, आणि जातांना आमच्या प्लंबरांचा पत्ता मागून नेला. त्यांच्या घरची तोटी पुढें आणावयाची तर मात्र भिंत फोडावी लागणार आहे.